पावसात गाडी का घसरते, किती अंतरात थांबते आणि किती पाण्यात घालू नये?

पावसाळा सुरू झाला की 'पावसात गाडी सावकाश चालवा' असे मेसेज फिरायला लागतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट आहे. सावकाश म्हणजे नेमकं किती? रस्त्यावर घोट्याएवढं पाणी असेल तर गाडी पुढे न्यायची की नाही? गाडीला एबीएस आहे, एसयूव्ही उंच आहे, तर थोडा जास्त वेग चालतो का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते, आणि सुमारे ७० टक्के मृत्यूंमागे जास्त वेग हे कारण नोंदवलं गेलं. हे आकडे वर्षभराचे आहेत, फक्त पावसाळ्याचे नाहीत. पण पावसात सगळ्यात आधी अडचणीत येतात त्या याच दोन गोष्टी: दुचाकी आणि वेग.

याचं कारण समजून घ्यायचं तर आधी टायरकडे बघावं लागेल.

गाडी रस्त्याला किती जागेवर चिकटलेली असते?

टायर कितीही मोठा दिसला तरी एका वेळी त्याचा थोडासाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. कारच्या बाबतीत ही जागा साधारण हाताच्या पंजाएवढी असते. म्हणजे एक टन वजनाची कार रस्त्याला धरून असते ती चार पंजांएवढ्या जागेवर. दुचाकीला असे दोनच पंजे मिळतात आणि तेही लहान.

वेग वाढवणं, वळणं, थांबणं हे सगळं या जागेतल्या पकडीवर होतं. पाऊस हीच पकड कमी करतो. एबीएस, एअरबॅग, महागडी गाडी किंवा वीस वर्षांचा अनुभव, यातलं काहीही ही पकड वाढवू शकत नाही. चालकाच्या हातात एवढंच असतं, की उरलेल्या पकडीत जमेल तेवढाच वेग ठेवायचा.

पहिला पाऊस जास्त धोकादायक का?

उन्हाळाभर रस्त्यावर इंजिन ऑइलचे थेंब, डिझेल, टायरचा झिजलेला रबर आणि धूळ साचत जाते. पहिल्या सरीत हे सगळं ओलं होतं, पण वाहून जात नाही. त्याचा बुळबुळीत थर तयार होतो. म्हणून जूनच्या पहिल्या पावसात, तेही पाऊस सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत, उड्डाणपुलांवर आणि वळणांवर एकामागून एक दुचाकी घसरताना दिसतात.

जोराचा पाऊस काही वेळ टिकला की हा थर बराचसा धुऊन जातो. म्हणजे रिमझिम आहे म्हणून रस्ता सुरक्षित आहे, असं धरून चालायचं नाही. आठ-दहा दिवसांची उघडीप मिळाली की तेल आणि धूळ पुन्हा साचते आणि पुढच्या सरीला तोच प्रकार होतो.

टायर पाण्यावर 'चढतो' म्हणजे काय होतं?

टायरवरच्या खाचा म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या गटारी असतात. टायर फिरताना खालचं पाणी या खाचांमधून बाजूला फेकलं जातं आणि रबर रस्त्याला टेकतो. वेग जास्त असेल, पाणी जास्त असेल किंवा खाचा झिजलेल्या असतील, तर पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. टायर आणि रस्त्याच्या मध्ये पाण्याचा थर येतो. याला हायड्रोप्लेनिंग किंवा ॲक्वाप्लेनिंग म्हणतात.

नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर याचे प्रयोग केले. टायर कोणत्या वेगाला पूर्णपणे पाण्यावर चढेल, हे बऱ्याच अंशी त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं, असं त्यातून दिसलं. त्यांच्या सूत्रात कारचा नेहमीचा ३२ पीएसआय दाब टाकला तर उत्तर येतं ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा २४ पीएसआयवर उतरलेली असेल तर तेच उत्तर सुमारे ८२ किलोमीटर होतं. म्हणजे हवा कमी असलेला टायर लवकर दगा देतो. 'पावसात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी' हा गैरसमज इथेच सोडून द्यावा. शिवाय हा आकडा पकड पूर्ण सुटण्याचा आहे. ती कमी व्हायला त्याच्या बरीच आधी सुरुवात होते.

असं झालं की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि इंजिनचा आवाज अचानक चढतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. टायर रस्त्याला टेकले की गाडी पुन्हा ताब्यात येते. याच कारणासाठी पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवायचा असतो.

ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते?

समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी आहे त्याच वेगाने पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागल्यावर ती किती घसटत जाते, हे घर्षणावर ठरतं. कोरड्या रस्त्यासाठी घर्षणाचा गुणांक ०.७ आणि ओल्यासाठी ०.४ धरून गणित केलं तर थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

- ताशी ४० किमी: कोरड्यावर २६ मीटर, ओल्यावर ३२ मीटर
- ताशी ६० किमी: कोरड्यावर ४५ मीटर, ओल्यावर ६० मीटर
- ताशी ८० किमी: कोरड्यावर ६९ मीटर, ओल्यावर ९६ मीटर
- ताशी १०० किमी: कोरड्यावर ९८ मीटर, ओल्यावर १४० मीटर

हे चांगल्या टायरचं आणि सपाट रस्त्याचं गणित आहे. टायर गुळगुळीत असेल, उतार असेल किंवा रस्त्यावर चिखल असेल तर अंतर आणखी वाढतं.

ओल्या रस्त्याचे आकडे पुन्हा बघा. वेग ४० वरून ८० म्हणजे दुप्पट केला, तर थांबायचं अंतर ३२ वरून ९६ म्हणजे तिप्पट झालं. ९६ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या साधारण आठ एसटी बस. मुसळधार पावसात तेवढं पुढचं दिसतच नसेल तर ताशी ८० हा वेग जास्त आहे, मग रस्त्यावरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. 'सावकाश म्हणजे किती' याचं उत्तर हेच आहे: जितकं दिसतंय, तितक्यात थांबता आलं पाहिजे.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजायची सोपी पद्धत आहे. ती गाडी एखादा खांब ओलांडेल तेव्हा सेकंद मोजायला सुरुवात करा. तुम्ही त्या खांबापाशी पोहोचेपर्यंत कोरड्या रस्त्यावर किमान तीन आणि पावसात किमान चार ते सहा सेकंद जायला हवेत.

एबीएस असेल तर?

आता नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींनाही ते बंधनकारक आहे. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण ओल्या रस्त्यावरचं थांबायचं अंतर ते कोरड्याइतकं करू शकत नाही, आणि टायर पाण्यावर चढला असेल तर तेही हतबल असतं.

एबीएस असलेल्या कारमध्ये अचानक थांबायची वेळ आली तर पेडल घट्ट दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवेल. अनेक जण घाबरून तिथेच पाय काढतात. ही थरथर म्हणजे एबीएस काम करत असल्याची खूण आहे. एबीएस नसेल तर चाक जाम होऊ न देता ब्रेक थोडा दाबा, थोडा सोडा.

टायर कसे तपासायचे?

कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. ती ओळखायला वेगळं साधन लागत नाही. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेच्या आत बघितलं की रबराचा छोटा उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की बदलायलाच हवा. ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी खाच तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ न देणं शहाणपणाचं.

हवा मोजताना टायर थंड असू द्या. स्टेपनीची हवाही बघा, ती नेमकी राहून जाते.

दिसणं आणि इतरांना दिसणं

हेडलाइट: जोराच्या पावसात दिवसाही लावा, पण लो बीमवर. हाय बीमचा उजेड पावसाच्या थेंबांवर आणि धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

चारही इंडिकेटर: पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यामुळे मागच्याला तुम्ही उभे आहात की चालत आहात हे कळत नाही, आणि तुम्ही कोणत्या बाजूला वळणार हेही कळत नाही. ते दिवे गाडी बंद पडली किंवा थांबवावी लागली तर लावायचे असतात.

काचेवरची वाफ: गाडीतली हवा दमट आणि काच थंड असली की आतून वाफ धरते. एसी सुरू करा, हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. चालत्या गाडीत फडक्याने काच पुसत बसू नका.

वायपर: पाणी पुसल्यावर रेघा राहत असतील तर रबर बदला. काच आतून-बाहेरून धुऊन घ्या. तेलकट काचेवर समोरच्या गाडीचा प्रकाश पसरतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही.

ट्रकच्या मागे: मोठ्या गाडीच्या चाकांतून उडणारं पाणी ओव्हरटेक करताना समोरची काच पूर्ण झाकून टाकतं. पुढचा रस्ता मोकळा असल्याची आधीच खात्री नसेल तर ओव्हरटेक करू नका.

दुचाकीस्वारांनी काय वेगळं लक्षात ठेवायचं?

कार घसरली तर बहुतेक वेळा ती चार चाकांवरच राहते. दुचाकी घसरली की माणूस रस्त्यावर पडतो आणि मागून वाहनं येत असतात. त्यामुळे दुचाकीवर घसरणाऱ्या जागा आधी ओळखणं जास्त महत्त्वाचं.

- झेब्रा क्रॉसिंग आणि रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलावरच्या लोखंडी जोडपट्ट्या, रेल्वे फाटकावरचे रूळ, पेव्हर ब्लॉक, झाडाखालचा ओला पाला. यांवर ब्रेक लावू नका आणि गाडी तिरकी करू नका. सरळ, एकसारख्या वेगाने पार व्हा.
- रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर तिथे डिझेल किंवा ऑइल सांडलेलं आहे.
- पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. त्याला टाळण्यासाठी ऐनवेळी बाजूला कट मारणं हे खड्ड्यात जाण्याइतकंच धोक्याचं. वेग आधीच कमी असेल तर तो मारावाच लागत नाही.
- दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबा. ओल्या रस्त्यावर नुसता पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर पुढचं चाक निसटतं.
- मागे बसलेल्याने छत्री उघडू नये. वाऱ्याच्या झोताने छत्रीसह माणूस खेचला जातो. ओढणी, साडीचा पदर आणि रेनकोटची लोंबणारी टोकं चाकापासून दूर बांधून घ्या.
- हेल्मेटची काच पारदर्शक असू द्या. काळी काच पावसाळी संध्याकाळी घातक ठरते.

आणखी एक गोष्ट रोज दिसते. पाऊस आला की उड्डाणपुलाखाली दुचाकींचा घोळका थांबतो आणि अर्धा रस्ता अडतो. मागून पावसातून येणाऱ्या वाहनाला पुलाखालच्या अंधारात हे लोक दिसत नाहीत. थांबायचं असेल तर रस्ता सोडून, पेट्रोल पंपावर किंवा दुकानाच्या आडोशाला थांबा.

घाटात काय करायचं?

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं ही जुनी सवय आहे आणि ती जिवावर बेतू शकते. न्यूट्रलवर इंजिनाचा रोध मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि हळूहळू धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती वापरा.

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियम आहे.

आंबोली, माळशेज, ताम्हिणी, आंबेनळी अशा घाटांत पावसाळ्यात धुकं आणि दरड असे दोन धोके एकत्र असतात. धुक्यात रस्त्याच्या डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरून चला. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका. ती चुकली तर तुम्हीही चुकाल. डोंगराच्या बाजूने बारीक दगड घरंगळत असतील, रस्त्यावर ताजी माती आली असेल किंवा झाड वाकलं असेल तर तिथे थांबू नका. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून चालत्या वाहनांवर दगड आले होते. रस्त्यालगतच्या धबधब्याखाली गाडी लावून फोटो काढणारे नेमके अशाच कड्याखाली उभे असतात.

किती पाण्यात गाडी घालू नये?

छोट्या कारचं उदाहरण घेऊ. माणसांसह वजन साधारण एक टन. गाडीचा तळ जमिनीपासून सुमारे १७ सेंटीमीटर वर. तळाचं क्षेत्रफळ अंदाजे पाच चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर पुढे प्रत्येक १० सेंटीमीटर वाढीला ते गाडीला अर्धा टन वर उचलतं. म्हणजे आणखी २० सेंटीमीटर चढलं की गाडीचं सगळं वजन पाण्यावर येतं. जमिनीपासून मोजलं तर ही पातळी ३७ सेंटीमीटर झाली, म्हणजे बहुतेकांच्या गुडघ्याच्याही खाली. गाडीत पाणी शिरलं की ती पुन्हा टेकते, पण तोवर ती कुठे गेलेली असेल हे सांगता येत नाही.

हे साचलेल्या पाण्याचं झालं. वाहतं पाणी बाजूने ढकलतंही, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर हा धक्का चौपट होतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते, की जोरात वाहणाऱ्या ३० सेंटीमीटर पाण्यात बहुतेक कार वाहून जाऊ शकतात आणि ६० सेंटीमीटरमध्ये एसयूव्हीसुद्धा. उंच गाडीमुळे थोडीशी सूट मिळते, अभय नाही. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पाण्यापासून सुरक्षित केलेली असली तरी तरंगण्याचं गणित तिलाही तेच.

त्यामुळे दोन नियम पाळा. साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसत असेल तर गाडी घालू नका. आणि फरशी पुलावरून, ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी गाडी घालू नका.

दुसरा नियम इतका कडक आहे, कारण गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हेच वरून कळत नाही. भराव वाहून गेलेला असू शकतो, कठडा तुटलेला असू शकतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गाचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह नदीत गेल्या. महामार्गावरचा पूल पडलेला असेल, हे अंधारात बस चालवणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. वाहत्या पाण्याखाली गेलेला पूल मात्र समोर दिसत असतो. तिथे परत फिरायचा पर्याय शिल्लक असतो. पुढची जीप पार गेली म्हणून आपणही जाऊ, हा हिशेब चुकीचा आहे. पाणी त्या दोन मिनिटांतही वाढतं.

गाडी पाण्यात बंद पडली तर?

पुन्हा स्टार्ट करू नका. हवा खेचायच्या वाटेने पाणी इंजिनात गेलेलं असू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे सेल मारला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान अनेक साध्या विमा पॉलिसींमध्ये धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे जूनच्या आधीच बघून ठेवा.

पाणी वाढत असेल तर गाडीचा विचार सोडा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही जण बंद गाड्यांमध्ये अडकून दगावले. पाणी दाराबाहेर चढलं की दाबामुळे दार उघडत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा:

१. सीटबेल्ट काढा, दारांचं लॉक उघडा.
२. लगेच खिडकी खाली करा. वीज बंद पडली की ती उघडणार नाही.
३. आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः खिडकीतून बाहेर पडा.
४. खिडकी उघडत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार, कठीण वस्तूने मारा. समोरच्या काचेवर ताकद घालवू नका, ती दोन थरांची असते आणि सहज फुटत नाही.

पाण्यातून सुखरूप बाहेर आलात, तर पुढे जाण्याआधी कमी वेगात दोन-तीनदा ब्रेक हलके दाबा. ओले ब्रेक लगेच धरत नाहीत.

निघण्याआधी

हवामान विभागाचा इशारा बघा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. जिल्ह्याला रेड अलर्ट असेल तर घाटातला किंवा नदीकाठचा प्रवास पुढे ढकला. जायलाच लागणार असेल तर उजेडात जा आणि घरी वाट सांगून ठेवा. नकाशाच्या ॲपवर निळी रेघ दिसते म्हणून तो रस्ता पाण्यावर आहे असं नाही. शेवटच्या गावात कोणाला तरी विचारा.

नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात ठेवून निघा. पाण्यात गाडी घालण्याचे बरेचसे निर्णय 'आता उशीर होईल' या एका विचारातून होतात.

मदत लागली तर हे क्रमांक फोनमध्ये ठेवा: सर्व प्रकारच्या आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. अपघात झालेला दिसला तर मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलं आहे आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.